काणाडोळा

रात्री पावणेदोनला पोर्टर शीशी ठेवून गेला.
लेबलवर: हेस्लॉप, नॉर्मन. जन्म एकोणीसशे शेहेचाळीस.
उजवा डोळा.
आत दोन थेंब, पेजेसारखे गढूळ.

फोनवर रजिस्ट्रार, आवाजात झोप अडकलेली:
मंगळवारी मोतीबिंदू काढला,
बुधवारी चष्म्याशिवाय पेपर वाचला,
आज बुबुळाच्या तळाशी पांढरी पातळी साचलीय,
मान कलती केली की कलते.
मग जरा थांबून:
इथे संडरलंडच्या गोदीत वेल्डर होता. म्हणतो,
चाळीस वर्षं काळ्या काचेआड सांभाळले डोळे.

मी काच आचेवरून फिरवते.
जांभळा, आयोडीन, स्पिरिट, पाणी, लाल.
भिंगाखाली
करवंदांचे चार घोस.
इतकेच.
त्याच्याच पापणीवरचे, जन्माचे भाडेकरू,
कधी पैशाचा त्रास नाही;
सुईमागून आत आले, चुकून म्हणा.

आणि भोवती एकावर एक
त्याच्याच रक्तातले पांढरे शिपाई,
कुणाच्या पोटात एखादा जांभळा ठिपका,
बहुतेकांच्या पोटात काहीच नाही.

डोळा म्हणजे शरीराने काणाडोळा केलेलं घर.
इथला जुना करार असा:
काही शिरलंच तर दबक्या आवाजात बोलायचं,
कारण इथला पडदा जळला
तर पुन्हा विणता येत नाही.
दोन दिवस पाळला त्यांनी करार.
मग कुणीतरी ओरडलं.

मग शिपाई आले
ते डोळ्यांत तेल घालून नव्हे,
मशाली घेऊन.
करवंदं जळाली. पडद्याची कडही.
मेलेल्या जंतूंच्या सालपटांना अजून हाका मारता येतात
आणि ओ देत नवे येतच राहतात,
संपलं म्हणून त्यांना सांगणार कोण?
कुंपणानेच शेत खाल्लं, आम्ही म्हणतो.
पण हे कुंपण शेतासाठीच मरत होतं,
स्वतःचं पोट फाडून
आतल्या धाग्यांचं जाळं फेकत होतं.

मी कळवते: गोल, घोसांनी, जांभळे.
औषध तर गेलंय डोळ्यात, तो म्हणतो,
आता वाद स्टेरॉइडचा.
एक डॉक्टर म्हणतात द्या, दुसऱ्या म्हणतात थांबा.
जंतूंना मारायचं कसं ते ठाऊक आहे.
शिपायांना घरी पाठवायचं कसं,
यावर रात्री अडीचला दोन मतं.

सोमवारी भलत्याच कामासाठी त्याचा फोन आला,
तेव्हा विचारलं.
हात हलताना दिसतो. बोटं नाही अजून.
ठिणगीकडे बघून डोळे मिटले
की मागे जे उरायचं,
तसलं काहीतरी दिसतं म्हणे.

मी प्लेट उघडली.
तांबड्या आगारवर पांढरे ठिपके,
गुळगुळीत, साधे, शेजारच्यांसारखे.
माझ्याही पापणीवर असणारच.
चष्मा वर सरकवून डोळा चोळायला
हात उचलला होता,
तो तसाच खाली ठेवला.