तीनशे वॅट

पशुवैद्यक कचेरीतून फोन आला तेव्हा
मी काकाच्या दुकानात एका रेडिओला डाग देत होते.
"मेला," कानिशाय-एजे म्हणाली. "कॉम्प्युटर.
आणि चारच्या आत घोड्यांची यादी जायला हवी."

नारिनमध्ये त्या दिवशी उणे एकवीस.
नदीसुद्धा आखडून वाहत होती.
माझ्या पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा ब्रश
आणि इंग्रजी यूसारखी वाकवलेली एक कागदाची क्लिप.

बटण दाबलं. हूं नाही की चूं नाही.
मागच्या जाळीला नाक लावलं, जळक्या मासळीचा वास.
टॉर्च मारला तर आत तीन कपॅसिटर
डोकी फुगवून बसलेले, कढईतल्या बोर्सोकसारखे.
बाकी सगळं धडधाकट. बोर्ड, डिस्क,
डिस्कमधले अकराशे घोडे.
फक्त त्यांना दाणापाणी घालणारा गेला होता.

नवा सप्लाय बिश्केकला मिळतो.
मधे दोलोनचा घाट, घाटात परवापासून बर्फ.

"हा कोणाचा?"
समोरच्या टेबलावर एक करडा डबा,
वर टेलिफोनची डिरेक्टरी, डिरेक्टरीवर कोरफडीची कुंडी.
"एसेनगुलचा. गेला तो मार्चमध्ये."
मी आवंढा गिळला.
"अगं रशियाला गेला. टायरच्या गोदामात आहे.
चांगला जाड झालाय म्हणतात."

कुंडी खाली ठेवली, डिरेक्टरी खाली ठेवली.
डब्याच्या उजव्या अंगावर जांभळ्या कोरी,
नखाएवढ्या, एकीवर एक, शेकड्यांनी.
गंज नव्हे, रंग नव्हे. ओल्या बोटाने पुसलं
तर बोट जांभळं. जाऊ दे म्हटलं,
मला काय करायचंय.

चार स्क्रू, त्यातला एक नव्हताच.
आत धुळीची गादी, गादीत घोड्याचे केस
(ते इथे कशात नसतात?)
केबल उपटताना दात आवळले मी,
वर्षानुवर्षं बसलेली खिट्टी सहज सोडत नाही.
मग क्लिप: एक टोक हिरव्या तारेत, दुसरं काळीत.
पंखा क्षणभर बिचकला
आणि फिरला.
जिवंत होता. दहा महिने कोरफडीखाली, आणि जिवंत.

याचे तीनशे वॅट, तिच्या मेलेल्याचे साडेचारशे.
यादीला पुरे आहेत. यादी काही धावत नाही.
प्रोसेसरची चौकोनी केबल चार बोटं तोकडी पडली,
ती मी बोर्डावरूनच आडवी ओढली, अंगणातल्या दोरीसारखी.
काका बघता तर पान्हा फेकून मारता.

बटण.
हिरवा दिवा, मग पडदा, मग घोडे.
आणि त्यांच्या मागोमाग आवाज:
घर्र, घर्र, मधेच एक किरकिर,
जसा कोणी बडीशेप चावत
बोलता बोलता थांबतोय.

कानिशाय-एजेची बोटं कीबोर्डवर थांबली.
तिने समोरच्या टेबलाकडे पाहिलं.
तिथे रिकामा डबा, कडेला कुंडी.
मग स्वतःच्या डब्याकडे पाहिलं.
"अकरा वर्षं," ती म्हणाली, "अकरा वर्षं ओरडले मी त्याच्यावर,
की बडव त्याला, एसेनगुल, बडव, डोकं उठलं माझं."
पुढे काही बोलली नाही. टाइप करू लागली.
तपकिरी घोडी, डावा मागचा पाय पांढरा.
काळा घोडा, वय सहा.
घर्र, घर्र.

नजर यादीवरच ठेवून
तिचा हात शाईच्या पॅडवरल्या शिक्क्याकडे गेला.
लाकडी मूठ, गोल रबर, कचेरीचं नाव उलट्या अक्षरांत.
ठक. ठक.
आवाज बसला.
तिच्या पांढऱ्या, कोऱ्या पत्र्यावर
दोन ओल्या जांभळ्या कोरी.

"एजे, पंख्यात तेलाचा थेंब टाकू का? दोन मिनिटांचं काम."
"किती वाजले?"
"पावणेचार."
"मग मधे बोलू नकोस. बेचाळीस घोडे राहिलेत."