सोळा दाते

दुकानामागच्या गडग्यावर
जांभ्याच्या भोकाभोकांतून शेवाळ उगवलं होतं.
शेवाळ नव्हे हो, हरिता, तोरसकर बाई म्हणाल्या.
घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या होत्या.
मी भिंग डोळ्याला तसंच ठेवून मागे गेलो.

वेंगुर्ल्यात आता घड्याळं कोण दुरुस्त करतो?
आठवड्याला दोन सेल, एखादा पट्टा.
मला वेळच वेळ.

आधी नुसते हिरवे धागे,
ओल्या चिऱ्यावर कोळ्याने जाळं विसरावं तसे.
धाग्यांना कळ्या, कळ्यांतून पानं,
इतकी पातळ की त्यांच्या मागची माझी नखं दिसावीत.
काही शेंडे तांबूस फुललेले: ते नर.
शेजारची मादी
तांदळाच्या दोन दाण्यांवर.
पण मध्ये पाणी हवं.
बंदरात एवढा दर्या पडलाय, तो याच्या कामाचा नाही.
पागोळीचा थेंब फुटला
की दोन शेपट्यांचं काहीतरी,
माझ्या भिंगालाही न दिसणारं,
पोहत निघतं.

पोचलं की नाही, लगेच कळत नाही.
मग एक दिवस आईच्या डोक्यावर दांडी,
केसाएवढी, लाल.
ते पोर.
ते कधी खाली उतरत नाही,
स्वतःचं मूळ टाकत नाही,
आईचंच पितं, उभ्या उभ्या.
टोपी घालतं तीही
आईच्या अंगाची फाटकी चिंधी.

इथे बाई गप्प झाल्या.
त्यांचा मुलगा पस्तिशीचा, घरीच असतो.
मी बक्कल पुसत राहिलो.

आश्विनात दुपारी कोरड्या पडू लागल्या.
टोपी गळली, खालचं झाकण उडालं,
आणि भिंगाखाली, देवाशपथ,
दाते.
मोजले. सवयच ती. सोळा.
दमट झालं की मिटतात, सुकलं की उघडतात.
किल्ली नाही, सेल नाही.
दर उघडण्याला चिमटीत न येणारी पूड,
गटारावर, कौलांवर, माझ्या बाहीवर.
बहुतेक फुकटच.

चैत्रात आई काळी पडली,
तव्यावर करपल्यासारखी.
शेजारचा खरवडायला निघाला होता.
थांब म्हटलं,
तांब्याभर पाणी ओतलं
आणि घड्याळ लावून बसलो.
नऊ मिनिटांत हिरवी.

त्याच आठवड्यात बाई सेल बदलायला आल्या.
दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय, मी म्हटलं,
नीट करून देतो.
राहू दे, म्हणाल्या,
आणि मागच्या दाराने गडग्याकडे गेल्या.