दाराचं रबर

मिरजेत, मार्केटामागच्या बोळात, दुसऱ्या मजल्यावर
माझी केबिन. चार बाय पाच.
आतून स्पंज, त्यावर निळं कापड,
काचेची एक खिडकी, आणि दाराला रबर,
जे खालून उंदरानं कुरतडलंय.
मी कानांचे आलेख काढते.

पेशंट आत बसतो, डोक्यावर हेडफोन.
मी बाहेरून एकेक सूर सोडते,
आधी ठळक, मग बारीक, मग असा
की माझं मलाच कळू नये, सोडला की नाही.
"ऐकू आलं की बोट वर करा,"
दिवसातून तीस वेळा एवढंच सांगते.

वेटिंगमध्ये बारा खुर्च्या.
बारा खुर्च्यांत तेरा फोन.
एकात कुणी पोहे परततंय,
एकात कुणाची तरी बायको चिखलात घसरते
आणि मागून रेकॉर्ड केलेलं हसू,
हा हा हा, पुन्हा तीच बायको, पुन्हा हा हा हा.
आष्ट्याच्या एक बाई स्पीकरवर जावेशी भांडतात.
जावेचं म्हणणं आम्हा सगळ्यांना पटलेलं आहे.

हे सगळं रबराखालून आत येतं.
परवा एका आजोबांनी बोट वर केलं,
मी सूर सोडलाच नव्हता.
पुन्हा केलं. पुन्हा.
"कुकर झाला बघा," म्हणाले.
आलेखात त्यांचा डावा कान
सहा महिन्यांत सुधारलेला निघाला.
डॉक्टरांना फार आनंद झाला.

मग पाटी लावायचं ठरलं.
मी लिहिलं, कृपया मोबाइलचा आवाज बंद ठेवा.
आठवड्यानं कृपया खोडून सक्त लिहिलं.
ते बरं दिसेना, पुन्हा कृपया.
एकानं थांबून पाटी नीट वाचली,
तिचा फोटो काढला.
खच्च, असा आवाज झाला.

शिवदास चोथे विट्याहून यायचे.
यंत्रमागावर एकतीस वर्षं.
त्यांचा आलेख मी न तपासता सांगितला असता:
डावीकडून रेघ बरी चालते,
मग रेवणगावचा घाट उतरावा तशी
एकदम खाली, जिथं
स, श, फ राहतात, तिथं काही उरलेलं नाही.
त्यांचा फोन वेटिंगमध्ये सगळ्यांत मोठा.
खरसुंडीच्या बाजारातली खोंडं बघत बसायचे,
खोंड हंबरलं की खुर्च्या हलायच्या.
लोक माझ्याकडे बघायचे. मी पाटीकडे.
त्यांना काय सांगणार?
हळू करा, हे मला
ओरडून सांगावं लागलं असतं.

त्या मंगळवारी मशिन बसवलं.
आवाज सावकाश वर आणला.
चोथे आधी पंख्याकडे बघायला लागले.
मग माझ्या बांगड्यांकडे.
मग स्वतःच्याच चपलेकडे, चालून बघताना.
बिलासाठी बाहेर जाऊन बसले,
सवयीनं फोन काढला, खोंड लावलं,
आणि असे दचकले की फोन खाली.

"एवढा वरडत हुता ह्यो?
आन् कुनी बोल्लाबी न्हाईसा?"

कोणीच काही बोललं नाही.
पोहे थांबले. जाऊसुद्धा थांबली.
इतकं शांत
माझ्या केबिनमध्ये कधी झालेलं नाही.

चोथ्यांनी फोन उचलला, धोतराला पुसला.
एकेक घर आवाज उतरवत गेले,
दर घराला थांबून, मान कलती करून,
अगदी मी उतरवते तसा,
खोंड त्यांच्यापुरतं हंबरेपर्यंत.

शेजारी एक पोरगा. आईला घेऊन आलेला,
त्याचे स्वतःचे कान ठणठणीत.
तेवढ्यात त्यानं परत चालू केलं,
बायको घसरली, हा हा हा.

चोथ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.
रागानं नाही, शाळेत बघतात तसं.
आणि बोट वर केलं.