कमावलेलं

सुभाषनगरात आमच्या गल्लीत
आधी वास येतो, मग घर.
बाभळीच्या सालीच्या पाण्यात
चामडं पडून असतं, दिवसच्या दिवस.
घाई केली की कच्चं राहतं.
आबा म्हणायचे, चामडं कमवावं लागतं, पोरी.

नवऱ्याच्या किडन्या जाऊन तिसरं वर्ष.
मंगळवार, शुक्रवार डायलिसिस,
रविवारी चर्च.
पहिल्या वर्षी गुडघे टेकून मागितलं.
दुसऱ्या वर्षी भांडले तुझ्याशी, मोठ्यानं,
शेजारी ऐकतील एवढं.
यंदा नुसती बसते मागच्या बाकावर.
गीत चालू असतं आणि मी
बोटांवरच्या आरीच्या खुणा मोजते.

सुवार्ताबाई म्हणाल्या, विश्वास कमी पडतोय तुझा.
काही बोलले नाही.
त्यांच्या चपलेचा अंगठा उसवला होता,
घरी आणून शिवून दिला.

आमच्या चपलेला खिळा नसतो, प्रभू.
वादीत वादी ओवायची, बास.
खिळ्यांचं तुला ठाऊक.

नवी चप्पल चावतेच.
गिऱ्हाईक परत येतं, तावातावानं.
मी म्हणते, तेल लावा, घालत राहा,
कोपऱ्यात ठेवली तर कडक होईल.
सांगताना माझाच आवाज
मला ऐकू येतो.

काल एलियाचे पाय एवढे सुजले
की जुनी एकही जोडी चढेना.
कागदावर त्याचं पाऊल ठेवून
पेन्सिल फिरवत होते,
टाचेपाशी आले
तेव्हा कळलं, ओठ हलतायत.
मागणं नव्हतं त्यात काही.

रुंदी दोन बोटं जादा धरलीय.