रिकामा मिक्सर

पहिले तीन मंगळवार मी फक्त पंख्याबद्दल बोललो.
पालिकेचा दवाखाना, दुसरा मजला, खोली अकरा,
पंख्याचं एक पातं वाकडं.
शाहीन मॅडम म्हणाल्या, हो, वाकडं आहे.
वहीत काही लिहिलं नाही.

चौथ्या मंगळवारी विचारलं, घरात आवाज कुठले येतात?
हे सोपं. हे मला येतं.
चावी पहिल्या फटक्यात लागली तर जेवण होईल.
दोनदा खरखरली तर पुस्तकातून मान वर काढायची नाही.
तिसऱ्यांदा खाली पडली
तर समीक्षाला कांबळेकाकूंकडे कोथिंबीर आणायला पाठवायचं,
घरात कोथिंबीर असली तरी.
काकू विचारत नाहीत. जुडी देतात.

आणि मग आई मिक्सर लावते.
आत काही नसतं,
ना खोबरं, ना मिरची. नुसतं भांडं फिरतं,
कन्नमवार नगरच्या चाळीस बिऱ्हाडांना कळावं
की आमच्याकडे आज चटणी आहे.

एकदा मॅडमनी कागद दिला. घर काढ म्हणाल्या.
सव्वादोनशे फूट काढायला कितीसा वेळ लागतो?
तू कुठे असतोस?
फ्रिज आणि कपाटाच्या मध्ये मी एक ठिपका दिला.
दहावीत गेल्यापासून तिथे मावत नाही,
हे सांगितलं नाही.

आज सातवा.
आज येणारच नव्हतो. एक बस सोडली, मग दुसरी.
झालं एवढंच, सकाळी फळीवरचा कंगवा घ्यायला हात वर केला
आणि समीक्षाने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.
माझ्यासमोर.
मी तर नुसता कंगवा.

वाटलं, मॅडम म्हणतील, तू तसा नाहीस.
मामा म्हणतो, पोरगा बापावर गेलाय, नाक बघा.
पंखा फिरत होता.
मग त्यांनी विचारलं,
हात खाली कसा घेतलास?

असं कुणी विचारतं का?
हात वर कसा जातो ते अख्खी इमारत सांगेल.
मी उठून करून दाखवलं,
कंगवा नसताना, फळी नसताना.
सावकाश. कोपर आधी. मग तळवा उघडा,
तिला दिसेल असा.

परत एकदा, त्या म्हणाल्या.

खाली फाटकाशी आई उभी, मुठीत रिक्षाचे सुटे.
काय बोललास, विचारत नाही कधी.
मीच म्हटलं, जाताना खोबरं घेऊ.
कशाला?
मिक्सरला.

ती रस्त्याकडे बघत राहिली.
मग सुटे मोजायला लागली.