शेरा

सातवी 'क'चा मुजम्मिल पुस्तक परत करताना म्हणाला,
"मॅडम, बोकड खाली कसा आला?"

मी चष्मा वर सरकवला. कुठला बोकड?

"आत्याबाईंचा. साठाव्या पानावर तो बँकेच्या गच्चीवर आहे.
पासष्टाव्यावर हवालदाराच्या कडेवर,
गळ्यात हार, दाढीला आइस्क्रीम.
मधलं कुठंय?"

मधलं नव्हतंच.
शिलाईचे दोन दोरे तेवढे लोंबत होते
दात पडलेल्या हिरडीसारखे.
दाखल क्रमांक अकराशे सत्तेचाळीस. किशोर विभाग, विनोदी कादंबरी.
मुखपृष्ठावर बोकड निवडणुकीचा अर्ज भरतोय,
पुढच्याच प्रकरणात तो अर्ज खातो.

म्हटलं, दुसरं ने बाळा.
थोरांची चरित्रं चार कपाटं भरून आहेत,
वीस वर्षांत एकाचंही पान गेलेलं नाही.
त्यानं कपाटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि तेच पुस्तक पुन्हा नावावर मांडायला लावलं.

मग ते कन्नमवारनगरभर फिरलं.
कुणाच्या डब्याचं तेल लागून आलं, कुणाच्या बहिणीची मेंदी लागून,
आणि येताना प्रत्येक वेळी
बोकड नव्या रस्त्यानं उतरलेला.

नियती कांदळगावकर म्हणाली, अग्निशमनवाले आले,
पण घाईत त्यांनी मॅनेजरलाच उतरवलं.
मेल्विन डाबरे म्हणाला, केबलच्या वायरीवरून आला,
अख्ख्या बिल्डिंगचा टीव्ही गेला, नेमकी शेवटची ओव्हर चालू असताना.
हर्षिल गालाचं सरळ होतं:
गच्ची बँकेची आहे ना? मग बोकडानं तिथूनच कर्ज काढलं
आणि लिफ्ट बसवून घेतली.

"आणि हप्ते रे?"
"आत्याबाई जामीन आहेत, मॅडम!"

'शांतता राखा' या पाटीखाली एवढा दंगा झाला
की गणिताचे लोखंडे सर दारातून डोकावले.
म्हणाले, मुलांना जरा आवरा.
मुलं केव्हाच गप्प झाली होती.
हसत होते ती मी.

दिवाळीच्या सुट्टीत घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडे
तीच आवृत्ती सापडली. अख्खी. पंधरा रुपये.
बसस्टॉपवर उभ्या उभ्याच एकसष्टावं पान काढलं,
दोन बसगाड्या सोडल्या.

शिडी.
लेखकानं कुठूनशी एक शिडी आणली होती.
बोकड तिच्यावरून उतरला, पूर्णविराम.
पुढची तीन पानं आत्याबाईंचं भाषण,
भूतदया, शिस्त आणि वेळेचं महत्त्व.

आयुष्यात पहिल्यांदा
पुस्तकाची पानं फाडणाऱ्या माणसाबद्दल
मला आदर वाटला.
कोण असेल? कुठल्या सालातला?
आज कदाचित बँकेतच असेल, कर्ज विभागात.

ती प्रत माझ्या घरी आहे, शिलाई मशीनच्या खणात.
शाळेला सांगितलेलं नाही. कृपया तुम्हीही सांगू नका.

मार्चमध्ये साठ्याची पडताळणी झाली.
शेऱ्याच्या रकान्यात आम्ही तीनच शब्द लिहितो:
जीर्ण, वाळवी, गहाळ.
अकराशे सत्तेचाळीससमोर पेन थांबलं जरा,
मग लिहिलं:
पृष्ठे ६१ ते ६४, वाचकांकडे.

बाईंनी लाल शाईनं विचारलंय, परत कधी येणार?

काय सांगू.
आजच सहावीतली एक नवी मुलगी,
नाव अजून पाठ झालं नाही, दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली,
टेबलापाशी वही घेऊन उभी होती.
"मॅडम, मीपण लिहिलंय. पण चार पानांत मावत नाही."

किती झालीत?

"एकोणीस. बोकड अजून गच्चीवरच आहे.
त्याला तिथं मैत्रीण भेटली."