उजव्या चाकातला अडकित्ता

सरळ रस्त्यावर ती गप्प असते.
रुवीच्या गोलावर
स्टीअरिंग डावीकडे ओढलं की
कट् कट् कट् कट्,
चाकात बसून कुणीतरी सुपारी कातरतंय.

मागच्या सीटवर अकरा डबे.
दारसैतपर्यंत सहा वळणं,
आणि प्रत्येक वळणावर मी रेडिओ मोठा करायचे.
हा इलाज महिनाभर पुरला.

वादी कबीरमध्ये टायरवाल्यांच्या मागे
याकूब चौगुल्यांचं गॅरेज.
म्हणजे गॅरेज अरबाबचं,
पाने आणि पाठदुखी याकूबची.
हर्णै सोडून सत्तावीस वर्षं झाली,
तरी "वाजतंय"ला अजून "वाजताय"च म्हणतो.

"डावीकडं वळताना वाजताय? मग दुखणं उजवीकडं."
मी हसले.
"हसतेस काय गो? वळताना भार बाहेरच्या चाकावर पडतो.
ज्याच्यावर भार, तोच बोंबलतो."
मग जरा थांबून,
"बऱ्याचदा. नेहमी नाय."

काळ्या डोंगराच्या पायथ्याशी मोकळी जागा.
काचा खाली, स्टीअरिंग पार टोकापर्यंत,
मी बैलघाण्यासारखी गोल गोल.
आवाज कातळावर आपटून दुप्पट परत येत होता.
सावलीतलं कुत्रं वैतागून उठून गेलं.

याकूब गाडीच्या बरोबरीने चालत होता,
उजव्या मडगार्डवर तळहात टेकून,
तापाचं पोर बघावं तसा.
"वाजताय काय?" त्याने विचारलं.
मला वाटलं, थट्टा करतोय.

मग दिसला शोहाग, कुमिल्लाचा पोरगा,
समोर उभा राहून
प्रत्येक कट् ला एकेक बोट उघडणारा.
याकूबचे डोळे त्या बोटांवर.

"बारीक आवाज आधी जातात,"
गाडी लिफ्टवर चढवताना तो म्हणाला.
"हातोडा ऐकू येतो. डास नाय.
अरबाबला बोलू नको."

चाकामागे रबराचा घड्याघड्यांचा बूट,
एका घडीत वीतभर फाटलेला.
रिमच्या आतून ग्रीसचे काळे फवारे.
आत वाळू शिरून
पाट्यावर वाटण फिरावं तसं
वर्षभर फिरत राहिलेली.
सहा गोळ्यांपैकी एक त्याने माझ्या हातावर ठेवली,
गरम नव्हती, तरी मी दचकले.
खाचेतून नख फिरवून म्हणाला,
"खड्डे पडलेत. नुसता बूट घालू तीन रियालात,
पण ती पावडर लावल्यासारखी.
जॉइंटच बदलूया. चौदा."
मनात मी डबे मोजले.
"बदला."

हबच्या नटाला पाना, पान्याला पाइप,
पाइपावर शोहाग दोन्ही पायांनी उभा.
नट हलेना. शोहाग उड्या मारू लागला.
तिसऱ्या उडीला असा काही आवाज झाला
की याकूबसुद्धा चमकला,
आणि आपल्याला ऐकू आलं म्हणून खूश झाला.

जुना जॉइंट पितळी हातोडीने सुटला.
नव्यात त्याने बोटांनी ग्रीस दाबून भरलं,
करंजीत सारण भरतात तसं,
पण विकतच्या करंजीत नव्हे.
वर बूट, बुटाला दोन पट्ट्या आवळल्या.

पुन्हा तेच मैदान, तेच गोल.
तळहात मडगार्डवर.
शोहागची मूठ मिटलेली,
दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, मिटलेलीच.
याकूब मुठीकडे बघत राहिला
आणि मग मला विचारलं, "नाय ना?"
"नाय."

पैसे देताना अरबाब आला, खजूर चघळत.
"याचा कान म्हणजे कान," हिंदीत म्हणाला,
"गाडी फाटकातून आत येते, याला रोग कळतो."
याकूब चिंधीने हात पुसत होता.
मी मान हलवली.

रुवीच्या गोलावर रेडिओ बंद ठेवला.
डावीकडे वळले. काही नाही.
अर्ध्या वळणावर मागून
बारीक थरथर ऐकू आली,
एका डब्याचं झाकण सैल होतं,
कधीपासून, कुणास ठाऊक.